खाणीचा उतार आणि त्यावरची हिरवळ

प्रश्न : आमच्या गायरानातील मुरमाची जुनी खाण ठेकेदाराने उतार देऊन आणि रोपे लावून ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिली आहे. शेवटचे बिल देण्यापूर्वी काम नीट झाले की नाही, हे कसे तपासावे?
– एक ग्रामपंचायत सदस्य, साक्री तालुका

उत्तर : करारात तशी सोय असेल, तर बिलाचा काही भाग राखून ठेवावा आणि एक पावसाळा व त्यापुढचा उन्हाळा जाऊ द्यावा, कारण आपल्या खानदेशात एप्रिल-मे सोसून जगलेले रोपच जमेस धरता येते.

उतार मोजण्यासाठी गवंड्याची पाण्याची नळी आणि टेप पुरेशी आहे. जिथे काठ सर्वांत उभा दिसतो, तिथेच मोजावे. आडव्या ३ मीटर अंतरात जमीन १ मीटर उतरत असेल, तर उतार सुमारे १८ अंशांचा आहे आणि त्यावर माती व गवत टिकू शकते. २ मीटरला १ मीटर, म्हणजे सुमारे २७ अंश असेल, तर धूप रोखण्याची जास्तीची सोय हवी. सुटा मुरूम ओतला की साधारण ३५ अंशांच्या आसपास आपोआप थांबतो. म्हणून तेवढाच उभा काठ दिसला, तर उतार दिलाच नाही असे मी म्हणेन.

मग उतारावर वाकून पाहावे. डोझर वर-खाली चालवला असेल, तर त्याच्या चाकांच्या साखळीवरील आडव्या पट्ट्यांच्या खुणा उताराला आडव्या उमटतात, त्यांत बी आणि पाणी अडते. तोच आडवा चालवला, तर खुणा उभ्या पडतात आणि पहिल्याच जोरदार सरीत त्यांच्या घळी होतात. वरच्या कडेला शेताचे पाणी वळवणारा चर आहे का, तेही पाहावे. तो नसेल, तर खालचे सारे काम धोक्यात आहे. गुळगुळीत मुरमावर काळ्या मातीचा नुसता थर पसरला असेल, तर तो भिजून घसरतो.

हिरवळीसाठी काठ्यांची १ मीटर चौरस चौकट करून ती वर, मध्ये व पायथ्याशी अनेक ठिकाणी ठेवावी आणि आत किती जमीन उघडी आहे, ते लिहावे. रोपांच्या संख्येपेक्षा ही नोंद मला महत्त्वाची वाटते, कारण माती धरून ठेवते ते गवत. पवना, मारवेल ही गवते आणि अंजन, खैर, कडुनिंब ही झाडे असल्यास उत्तम. नुसती गिरिपुष्पाची रांग पुरेशी मानू नये.

चराईबंदीचा ठराव मात्र आजच करावा, नाहीतर रोपे ठेकेदाराच्या हयगयीने गेली की शेळ्यांनी खाल्ली, हे पुढे ठरवता येणार नाही.