सीपीयू ९८ डिग्रीवर जातोय, कूलर बदलू का?

प्रश्न: सर नमस्कार, मी अकोल्याचा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. माझ्याकडे कोअर आय५ १०४०० आहे, बॉक्समध्ये आलेलाच कूलर लावलाय, ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवणं) वगैरे काही केलेलं नाही. मागच्या महिन्यात रॅम वाढवायला पीसी दुकानात दिला होता, तिथे त्यांनी कूलर काढून साफसफाई पण करून दिली. तेव्हापासून एक्सपोर्ट लावला की फॅन बोंबलायला लागतो, टेंपरेचर ९८-१०० दाखवतं आणि अर्ध्या तासाचं काम तासभर चालतं. काहीच चालू नसताना पण ६५ च्या खाली येत नाही. कोणी म्हणतं उन्हाळाच आहे चालायचंच, कोणी म्हणतं लिक्विड कूलर लाव, एकाने तर प्रोसेसरची उष्णता कूलरला देणारी मधली पेस्ट संपली असेल तर टूथपेस्ट लाव म्हणून सांगितलं. काय करू?

उत्तर: टूथपेस्टचं आधी मिटवतो. नको. ओली आहे तोवर आकडे बरे दिसतात, मग ती वाळून कडक होते आणि खरवडत बसावं लागतं. लिक्विड पण नको, निदान आत्ता तरी, कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय की "तेव्हापासून". कूलर काढला, परत लावला आणि त्रास सुरू झाला. म्हणजे कूलर कमी पडतोय का हे बघायच्या आधी तो नीट बसलाय का हे बघायला पाहिजे.

उन्हाळ्याचं म्हणाल तर त्याचा हिशोब सोपा आहे. हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे खोली जेवढी तापते साधारण तेवढंच आत वाढतं. म्हणजे हिवाळ्यात खोली २५ ला आणि एक्सपोर्टला सीपीयू ७० ला असेल तर मे महिन्यात खोली ३८ झाल्यावर ८३-८५ दिसणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण नुसतं बसलेलं असताना ६५? त्या वेळी हा प्रोसेसर जेमतेम काही वॉट खातो, तेवढ्याने खोलीपेक्षा पंचवीस-तीस डिग्री वर जायचं कारणच नाही. हे उन्हाचं काम नाही.

आता एक टेस्ट करा, फुकट आहे. एचडब्ल्यूइन्फो६४ हे टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, त्यात फक्त सेन्सर्सची विंडो उघडा, सीपीयू पॅकेजचं टेंपरेचर समोर ठेवा आणि एक्सपोर्ट सुरू करा. किती डिग्रीपर्यंत जातं ते नंतर बघू, आधी किती वेळात जातं ते बघा. बटण दाबल्यावर एक-दोन सेकंदात आकडा ६५ वरून ९५ च्या पुढे उडाला तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये, कारण चिप इवलीशी असते आणि ती एकटी क्षणात तापते, कूलरचा ॲल्युमिनियमचा गोळा तापायला मात्र वेळ लागतो. आकडा पटकन ७५-८० ला जाऊन मग दोन-चार मिनिटं हळूहळू चढत राहिला तर कूलर टेकलाय पण गरम हवा बाहेर जात नाहीये, म्हणजे धूळ, बंद कॅबिनेट किंवा खोली. अजून खात्री पाहिजे तर ९८ दाखवत असताना पीसी बंद करा, प्लग काढा, फॅन थांबला की लगेच कूलरच्या पात्यांना बोट लावून बघा. आत ९८ आणि पाती कोमट, तर चोर सापडला.

तुमच्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पुश पिना असतात, काळी टोपी आणि खाली पांढरे पाय, आणि खरं सांगायचं तर ह्या पिनांइतकी वैताग देणारी वस्तू पीसीमध्ये दुसरी नसेल. गडबड अशी होते की त्यावर बाण असतो म्हणून लोक स्क्रूसारखं बाणाकडे फिरवून "घट्ट" करतात, पण बाणाची दिशा ही सोडवायची असते. लावताना बाणाच्या उलट फिरवून चारही टोप्या वर ओढून घ्यायच्या, पाय भोकात बसवायचे, मग आधी समोरासमोरच्या तिरक्या दोन आणि मग उरलेल्या दोन, टक् आवाज येईपर्यंत दाबायच्या. दाबताना मदरबोर्ड थोडा वाकतो, बघून जीव वरखाली होतो पण तेवढं चालतं, आणि जमत असेल तर बोर्ड बाहेर काढूनच करा. झाल्यावर बोर्डच्या मागच्या बाजूचं कॅबिनेटचं झाकण उघडून बघा, चारही ठिकाणी पांढरे पाय फाकून बाहेर आलेले आणि मधून काळी काडी आरपार दिसली पाहिजे. एक पाय जरी वाकून आत राहिला तरी तो कोपरा उचलला जातो आणि मग वरून कूलर लावल्यासारखा दिसतो पण टेकलेला नसतो. पाय मोडला असेल तर पिना सुट्या मिळतात, अख्खा कूलर घ्यायची गरज नाही.

दुसरा संशय पेस्टवर. बॉक्समधल्या कूलरला खाली राखाडी पट्टे आधीच लावलेले येतात, ते एकदाच कामाचे. साफ करताना ते पुसले आणि नवीन लावलीच नाही, किंवा जुन्यावरच परत दाबला, दोन्ही होऊ शकतं. तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्हीकडचं पूर्ण पुसा, प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याच्या छोट्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा आणि कूलर सरळ खाली आणून दाबा, बोटाने पसरवत बसू नका. एमएक्स-४ सारखी कुठलीही साधी पेस्ट चालेल, महागड्या पेस्टने दोन-चार डिग्रीचा फरक पडतो, न टेकलेल्या कूलरला ती काय करणार.

हे सगळं होऊन आकडा अजून ९० च्या वर असेल तर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारी बोर्डची सेटिंग) जा. ह्या प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलंय पण तो हिशोब २.९ गिगाहर्ट्झ ह्या बेस स्पीडचा, टर्बोमध्ये, म्हणजे काम वाढलं की स्पीड आपोआप वाढतो तेव्हा, इंटेलच त्याला थोड्या वेळासाठी, साधारण २८ सेकंद, १३४ वॉटपर्यंत जाऊ देतं, आणि बरेच बोर्ड ती वेळेची मर्यादा सरळ काढूनच टाकतात. पॉवर लिमिट ६५ ला आणून बघा. काही बोर्डात कुठला कूलर लावलाय असंच विचारतात, तिथे बॉक्स कूलर निवडा, काम भागतं. एक्सपोर्ट थोडा हळू होईल पण आत्ता जो तासभर लागतोय त्याच्यापेक्षा नक्कीच लवकर, कारण १०० ला पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच स्पीड पाडतो. प्रोसेसर जळेल ही भीती मात्र सोडा, हा ब्रेक त्यासाठीच दिलेला असतो.

आणि कूलर घ्यायचाच असेल तर, रोज तासनतास एक्सपोर्ट करून पोट भरत असाल तर तो खर्च वाया नाही, पण १२० मिलिमीटर फॅनवाला साधा सिंगल टॉवर (पात्यांचा एकच उभा गठ्ठा असलेला) कूलर घ्या, दोन हजारांच्या आसपास येतो. घ्यायच्या आधी कॅबिनेटची रुंदी मोजा, हे कूलर १५०-१५५ मिलिमीटर उंच असतात आणि बारक्या कॅबिनेटचं झाकण लागत नाही. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए १२०० सांगा, ११५१ चं फिटिंग चालतं, १७०० चं नाही.

प्रश्न: पुण्याहून लिहितोय. रायझन ५ ३६००, सोबतचा रेथ स्टेल्थ कूलर. काही न करता टेंपरेचर ४० वरून एकदम ५८, परत ४२ असं नाचतं आणि फॅनचा आवाज पण तसाच वरखाली. सेन्सर गेला का?

उत्तर: नाही हो, हे रायझन असंच करतात. मागे एखादं छोटं काम आलं की प्रोसेसरचा एक कोअर लगेच बूस्ट होतो, म्हणजे स्पीड वाढवतो, आणि आकडा उडतो, काम झालं की खाली. ह्याची लिमिट ९५ आहे. आवाजाचा वैताग असेल तर बायोसमध्ये फॅन वाढायला लागणारा वेळ दोन-तीन सेकंद करा आणि ६० च्या खाली स्पीड जवळजवळ सपाट ठेवा. एवढंच जपा की पुढे कधी पेस्ट बदलायला कूलर काढाल तेव्हा आधी दहा मिनिटं गेम चालवून गरम करा, मग पीसी बंद, प्लग बाहेर, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हलका पिळूनच उचला. थंड असताना सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, त्या सॉकेटला वरून झाकण नसतं, आणि पिना वाकल्या की मग सुई घेऊन बसा.

प्रश्न: सीपीयूचं कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात आहे, तापतं म्हणून साइड पॅनल काढून ठेवलं तर चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर: टेस्ट म्हणून काढा. दहा डिग्री उतरलं तर कूलर ठीक आहे आणि कप्पाच दोषी आहे. कायम उघडं नका ठेवू, धूळ तर आत जातेच पण आपल्याकडे पाली, झुरळं आत बिऱ्हाड करतात आणि पाल बोर्डवर चिकटून मेली तर शॉर्ट होतो. त्यापेक्षा कप्प्याची मागची फळी काढून टाका, टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.