ओमानमधल्या कोरड्या वादीत रात्री तंबू ठोकावा का?

प्रश्न खारघरहून मस्कतला निघालेल्या कुटुंबाचा आहे. उत्तर: पात्रात अजिबात नको, काठावर उंच जागी खुशाल ठोका.

वादी म्हणजे पाऊस पडला तरच वाहणारी नदी. ओमानमधले ‘हजर’ नावाचे डोंगर उघडे, कातळाचे. माती-झाडी फारशी नसल्याने पाणी फारसं जिरत नाही. चाळीस किलोमीटर वर ढग फुटला, तर तुमच्या डोक्यावर चांदणं असतानाही लोंढा येतो. खारघरच्या पांडवकडा धबधब्याचा ओढा जुलैमध्ये कसा फुगतो ते तुम्ही पाहिलंच असेल. इथे फरक एवढाच, की आधी रिमझिमसुद्धा नसते.

जागा निवडताना कण्हेरीची झुडपं बघा. फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, खजुराच्या झावळ्या, प्लास्टिक जिथवर दिसेल तिथवर मागचा पूर आला होता. त्याच्याही बऱ्याच वर, आणि चढून निघता येईल अशा बाजूला तंबू हवा. (कण्हेर विषारी आहे. तिच्या काड्या कबाबाला किंवा शेकोटीला वापरू नका, मुलांना आधीच सांगून ठेवा.)

डबक्यातलं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, की सामान तिथेच टाकून वर चढा. गाडी काढायला थांबू नका. वाहत्या तीस सेंटिमीटर पाण्यातही छोटी गाडी तरंगायला लागते. पाणी चढलेली वादी गाडीने ओलांडणं तिथे गुन्हाही आहे. रस्ता वादी ओलांडतो तिथे पाण्याची खोली दाखवणाऱ्या लाल-पांढऱ्या खांबांपाशी थांबा. पाणी बहुधा काही तासांत ओसरतं.