देव बघतोय, म्हणून ती पांघरुणात

ताई,
माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. गेले काही महिने तिने देवाबद्दल प्रश्नांचा भडिमार लावलाय. देव राहतो कुठे, तो झोपतो का, त्याला आई आहे का, त्याला कोणी बनवलं. सासूबाई म्हणतात, असलं विचारू नये, पाप लागतं. नवरा नास्तिक, तो सरळ सांगतो की देवबिव काही नसतं. पोरगी गोंधळून जाईल अशी भीती वाटते. परवा तर विचारते, 'देवाला पांघरुणाच्या आतलं पण दिसतं का?' आम्ही सगळे हसलो. एरवी गुणी आहे, 'देव बघतोय हं' म्हटलं की लगेच ऐकते. फक्त हल्ली भर उकाड्यात डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपायची खोड लागलीये, घामाघूम होते तरी काढू देत नाही. इतक्या लहान मुलांना देवाबद्दल प्रश्न विचारू द्यावेत का? आणि उत्तर कोणाचं द्यावं, आजीचं की बाबाचं?
— मधल्या मध्ये अडकलेली आई

आजीचं की बाबाचं, हा निवाडा मी करणार नाही. त्याहून तातडीचं काहीतरी तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहून टाकलं आहे. मुलगी विचारते, देवाला पांघरुणाच्या आतलं दिसतं का. पुढे तुम्ही कौतुकाने लिहिता, 'देव बघतोय' म्हटलं की लगेच ऐकते. आणि मग तक्रार, की ती भर उकाड्यात डोक्यावरून पांघरूण ओढते. ओळीने लिहिलंत, पण जोडून पाहिलं नाहीत. ही खोड नाही हो. तुमची मुलगी लपते आहे. लपायला ती जागा पुरेशी आहे का, एवढंच तिला तुमच्याकडून जाणून घ्यायचं होतं, आणि घरातली सगळी मोठी माणसं हसली.

या वयात हे किती खोल रुतत असेल ते सांगते. अमेरिकेत जस्टिन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खाऊचं एक खोकं दाखवलं. आत खाऊ नव्हता, दगड होते. मुलांना ते उघडून दाखवलं, पुन्हा बंद केलं आणि विचारलं, आता आई आली तर तिला आत काय आहे असं वाटेल? अगदी धाकटी मुलं म्हणाली, दगड. जे आपल्याला ठाऊक ते आईलाही ठाऊक असणारच, असं त्यांचं गणित. पाच-सहा वर्षांची मुलं मात्र म्हणाली, आई फसेल, तिला खाऊच वाटेल. आणि देवाला? देवाला दगड आहेत हे कळेल. हा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला.

तुमची मुलगी नेमकी या उंबरठ्यावर आहे. आईला सगळं कळत नाही हे तिला नुकतंच उमगलंय. देवाला सगळं कळतं, हे मात्र पक्कं बसलेलं आहे. अशा वेळी तुम्ही त्याला तिच्यावर पहाऱ्याला बसवलंत. तुमची नजर तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की सुटते. ही नजर दिवा मालवल्यावरही सुटत नाही, मग ते लेकरू करणार काय?

'पाप लागतं' हेही त्याच जातीचं. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने 1932 सालच्या पुस्तकात मुलांना विचारलेली एक गोष्ट दिली आहे. एक मुलगा सफरचंदं चोरून पळतो आणि वाटेतला कुजका पूल मोडून पाण्यात पडतो. चोरी न करता त्याच पुलावरून गेला असता, तरी पडला असता का? लहान मुलं बहुतकरून म्हणाली, नसता पडला. पूल कुजका होता हे ऐकूनही! तेव्हा उद्या तुमच्या लेकीला ठेच लागली, ताप आला, तर 'बघ, देवाने शिक्षा केली' असं कोणी म्हणायचीही गरज नाही. ते ती स्वतःच म्हणेल, मनातल्या मनात.

सासूबाई काय म्हणतात, नवरा काय म्हणतो, हे तुम्ही नीट लिहिलंत. 'देव बघतोय' कोण म्हणतं, ते मात्र लिहिलं नाहीत. मला वाटतं, तुम्हीच म्हणता. सोयीचं आहे ते, आवाज चढवावा लागत नाही. पण त्या सोयीची किंमत ती घामाने थबथबून मोजते आहे, आणि याबाबत मला तुमची बाजू घेता येत नाही.

ते वाक्य आजपासून बंद. पण नुसतं बंद करून भागणार नाही, ते तिच्या डोक्यात बसलेलं आहे. आज रात्री तिच्याशेजारी आडव्या व्हा. पांघरूण काढायला सांगू नका. तिला सांगा, 'मी देव बघतोय म्हणायचे ना, ते तू माझं ऐकावंस म्हणून म्हणायचे. ते चुकलं माझं. देव तुझ्या चुका मोजत बसलेला नाही. तुझ्या हातून काही सांडलं, फुटलं, तू खोटं बोललीस, तर मला सांगायचं. आपण दोघी मिळून निस्तरू.' मग गप्प राहा. ती काहीतरी सांगेल, कदाचित एखादी फुटलेली वस्तू, कदाचित कोणाला मारलेला चिमटा. ऐकून घ्या. रागावू नका, त्या रात्री तर मुळीच नाही.

आता तुमचा प्रश्न. विचारू द्यावेत का? अहो, दुसऱ्या एखादीची बोलती बंद झाली असती. हिने अजून पांघरुणाबद्दल तोंड उघडून विचारलं, हे तुमचं भाग्य समजा. मुलांच्या प्रश्नांवर 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की खरं कारण मिळालं तर मुलांचं समाधान होतं किंवा ती पुढचं विचारतात. टोलवाटोलवी झाली तर तेच पुन्हा विचारतात, नाहीतर आपल्या मनाने कारण रचतात. 'पाप लागतं' म्हणून प्रश्न संपत नाही, तो तुमच्या कानाआड जातो इतकंच.

सासूबाईंना कठोपनिषदातल्या नचिकेत्याची आठवण करून द्या. बाप यज्ञात दानं देत होता, तेव्हा पोराने 'मला कोणाला देणार?' असं पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून बाप चिडून म्हणाला, मृत्यूला देतो. पोरगा खरंच यमाच्या घरी गेला आणि त्यालाच विचारू लागला की मेल्यावर माणूस उरतो की नाही. यमाने धन देऊ केलं, राज्य देऊ केलं, हवं तेवढं आयुष्य देऊ केलं. पोरगा प्रश्नावरून हलला नाही. त्यावर यम काय म्हणतो? तुझ्यासारखे विचारणारे आम्हाला मिळोत. याहून मोठी परवानगी सासूबाईंना कोणाची हवी? नवऱ्यालाही सांगा, 'देवबिव काही नसतं' म्हणून विषय संपवणं म्हणजेही तोंड बंद करणंच. त्याला तसं का वाटतं, ते त्याने तिच्या मांडीला मांडी लावून सांगावं.

राहिलं उत्तर कोणाचं द्यायचं. तुमचं द्या. तुम्ही देव मानता की नाही, हे सगळ्या पत्रात कुठेच नाही. लेकीला मात्र तेच हवं आहे. आजीला असं वाटतं, बाबांना तसं वाटतं, मला असं वाटतं, आणि अमुक एक गोष्ट मलाही कळलेली नाही. साडेपाच वर्षांची मुलगी यातलं एकही वाक्य ऐकून कोसळत नाही. घरात तीन माणसांची तीन मतं आहेत हे तिला केव्हाच माहीत आहे.

दोन-तीन आठवड्यांत पांघरूण खाली आलं नाही, रात्री दचकून उठणं किंवा अंथरूण ओलं करणं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आणि जाताना 'देव बघतोय' हे वाक्य घरात कधीपासून चालू आहे, तेही त्यांना सांगा.