एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा

प्रश्न: लाखांदूरजवळच्या गावात आमचं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं जुनं घर आहे. वायरिंग अजून लाकडी पट्टीवरचंच. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तरी झिणझिण्या येतात. गावातला वायरमन 21,000 मागतो, तालुक्याचा ठेकेदार 36,000. हाताशी 1 लाखाची एफडी तेवढी आहे, 7 टक्क्यांची, मुदत ऑक्टोबरात. मोडू, की धानाचे चुकारे येईपर्यंत थांबू?

ताई, थांबू नका. भिंतीत करंट उतरतोय आणि मृग तोंडावर आलाय.

आता पैशाचं. एफडीला सात महिने झाले. आज मोडली तर, तुम्ही पाठवलेल्या पावतीप्रमाणे, सात महिन्यांचा 6 टक्के दर लागेल आणि त्यातून 1 टक्का दंड कापला जाईल. म्हणजे 4,083 च्या जागी 2,917. शिवाय उरलेले 64,000 बचत खात्यात येतील आणि घरात पैसा मोकळा झाला की त्याला वाटा फुटतात. त्यापेक्षा बँकेत एफडीवर कर्ज मागा. तुमची बँक 9 टक्के लावते. 36,000 वर पाच महिन्यांचं व्याज 1,350 होईल, पण त्याच रकमेवर एफडीचे 7 टक्के चालूच राहतील. खरा भुर्दंड 300 रुपयांचा.

राहिला प्रश्न 21,000 की 36,000. दोन्ही अंदाजपत्रकं पाहिली. स्वस्तवाला नवे बोर्ड आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारी डबी) बसवणार, पण पट्टीवरची जुनी वायर तशीच ठेवणार. अर्थिंगचा तर उल्लेखच नाही. ओल धरलेल्या जुन्या वायरीतून करंट झिरपतो, त्यामुळे 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी श्रावणात दिवसातून चारदा पडेल. मग कोणीतरी वैतागून ती बायपास करून देईल. माझ्या मामांकडे नेमकं हेच झालं, आणि डबीवरचा दिवा लागलेला बघून सगळे निर्धास्त होते! तुमचे 21,000 असेच वाया जातील.

ठेकेदाराच्या 36,000 मध्ये नवी वायर आहे, बाहेर कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा आहे आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्टही आहे. त्याचा परवाना मात्र डोळ्यांनी बघा. वायर आयएसआय मार्कची, दिव्यांना 1.5 आणि प्लगांना 2.5 चौरस मिलिमीटर, हे कागदावर लिहून घ्या. पैसे तीन हप्त्यांत द्या. शेवटचे 10,000 त्याने आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवल्यावर आणि रिपोर्ट हातात आल्यावरच.

गावातल्या वायरमनला तोडू नका. रात्री अकराला लाइन गेली तर तालुक्याहून कोण येणार? ठेकेदाराच्या हाताखाली त्यालाच कामाला घ्यायला सांगा. कुठून कुठे वायर गेली ते त्याला ठाऊक राहील.

काम होईपर्यंत प्लग काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी भरू नका.