गाव कुठलं?

चि. सोहम,

अनेक आशीर्वाद. (पत्र असंच सुरू करायचं असतं, हसू नकोस.)

परवा मंडळाच्या गणपतीत पांढऱ्या टोपीतल्या त्या आजोबांनी मला विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" आणि मी पटकन सांगितलं, "संगमेश्वरजवळ." गाडीत बसल्याबसल्या तू म्हणालास, "आई, तू जन्मलीस मुंबईत, वाढलीस लालबागला. मग खोटं का बोललीस?" मी "नंतर सांगते" म्हटलं आणि चार दिवस टाळलं. बोलायला लागले की माझी गाडी भलतीकडे जाते, म्हणून लिहितेय.

खोटं नव्हतं ते. जन्म कुठे झाला, असं त्यांनी विचारलंच नव्हतं.

आमच्या चाळीत "मी मुंबईचा" असं म्हणणारं माणूसच नव्हतं. आमचा मजला संगमेश्वर-देवरूखचा, वरचा साताऱ्याकडचा, आणि जिन्याजवळच्या दोन खोल्या मालवणच्या. पोरं शिव्यासुद्धा आपापल्या गावच्या द्यायची. बापे सगळे गिरणीत. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली, आणि त्यानंतर शंभरेक वर्षं कोकणातून आणि घाटावरून माणसं येत राहिली. माणूस एकटा यायचा नाही, कुणातरी गाववाल्याच्या ओळखीनं यायचा. तुझे पणजोबा असेच आले आणि गावकऱ्यांच्या खोलीत राहिले. एका खोलीत वीस-पंचवीस जण, भिंतीला ओळीनं त्यांच्या पत्र्याच्या पेट्या, जेवण खाणावळवाल्या बाईकडे. सगळे एकदम झोपायला जागाच नव्हती. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. बायका-पोरं गावी. महिन्याला मनीऑर्डर जायची, गणपतीला आणि शिमग्याला माणूस जायचा. गावात त्याला चाकरमानी म्हणत.

म्हणजे मुंबई ही कामाला यायची जागा होती. पन्नास वर्षं कामाला आलेला माणूससुद्धा "घरी जातो" म्हणाला, की ते घर गावाकडचं असायचं.

गावाबरोबर चांगलंच सगळं आलं असं मात्र समजू नकोस. तुझे आजोबा, म्हणजे माझे बाबा, साचे खात्यात होते, म्हणजे मागावर. पूर्वी मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातून तो धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून त्या खात्यात दलितांना घेत नसत. उष्टं चालत नाही म्हणे! पगार त्या खात्यात बरा मिळायचा. कोण कुठल्या चाळीत राहणार, हेही असंच ठरायचं. गावच्या वेशी लोकांनी पेटीत घालून आणल्या होत्या.

आमची खोली दहा बाय बाराची. आम्ही सहा जण आणि गावाहून आलेला एक पाहुणा, जो कायम असायचाच: कुणी नोकरी शोधायला, कुणी केईएममध्ये दाखवायला. घड्याळ होतं, पण बघायचं कोण? गिरणीचा भोंगा झाला की आई पीठ मळायला घ्यायची. दुसऱ्या पाळीचे बापे रात्री बाराच्या पुढे परतायचे, तेव्हा गॅलरीत चपलांचा आवाज व्हायचा. त्यातला आजोबांचा मला झोपेत ओळखता यायचा. केसांत कापूस, अंगाला तेलाचा वास.

तू आणखी एक म्हणालास, "तू तिकडे कधी राहिली पण नाहीस." राहिलेय. तुला कधी सांगितलं नाही एवढंच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, आणि संपावर अडीच लाखांच्या आसपास कामगार. मी आठ वर्षांची होते. भोंगा बंद झाल्याचा आम्हा पोरांना आनंदच झाला, बाबा दिवसभर घरी! होळीपर्यंत तो आनंद ओसरला. आधी वाण्याची उधारी, मग आईच्या बांगड्या, मग पितळेची भांडी. मे महिन्यात परीक्षा संपल्यावर आजोबांनी आम्हाला एसटीत बसवलं. कोकण रेल्वे तेव्हा कुठली! रात्रभर एसटी, कशेडीचा घाट, मग भोस्त्याचा, मग परशुरामचा, आणि प्रत्येक घाटात माझी उलटी. सकाळी संगमेश्वरला उतरलो. दरवर्षीसारखं पंधरा दिवसांनी परतायचं असेल असं मला वाटलं होतं. जूनमध्ये काकांनी माझं नाव गावच्या शाळेत घातलं.

दीड वर्ष. चाळीतली मी लावणीला चिखलात उभी राहिले, पायाला जळू चिकटल्यावर किंचाळले आणि अख्ख्या वाडीला हसू आलं. नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी, सकाळी तीच, रात्री तीच. मला अजून कुळीथ आवडत नाही, तुझ्या बाबाला वाटतं मी नखरे करते.

इतकी वर्षं आजोबांची मनीऑर्डर यायची, त्यावर काकांच्या घरातलं मीठ-मिरची, औषधं, माझ्या चुलतभावांच्या वह्या चालायच्या. पोस्टमन पाणंदीत दिसला की काकी हात पुसत ओटीवर यायची. त्या वर्षी पोस्टमन दिसला तरी ती चुलीपासून हलली नाही. आणि आम्हाला एकदाही तोंडानं काही बोलली नाही. उलट दिवाळीनंतर भात झोडून झाल्यावर काकांनी तांदळाचं एक पोतं शिवलं, वर आजोबांचं नाव लिहिलं आणि एसटीच्या टपावर चढवलं. मुंबईहून गावाला जायचा तो सगळा ओघ त्या वर्षी उलटा फिरला. आमच्यासारखी कितीतरी घरं त्या वर्षी अशी गावाला लागली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचं काय झालं, तेही चाळीत परतल्यावर बघितलं. माझ्या वर्गातल्या तिघी पुन्हा दिसल्या नाहीत.

संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आजोबांना गिरणीत परत घेतलं नाही. पुढे ते एका इमारतीवर रात्रीचे वॉचमन झाले. रातपाळीची सवय होती, असं तेच म्हणायचे.

तर त्या टोपीवाल्या आजोबांनी खरं काय विचारलं होतं? माझ्या लेखी ते असं होतं: भोंगा बंद पडला तर तुम्हाला कोण घरात घेईल? मी त्याचं उत्तर दिलं. लालबागवर माझा जीव आहे. पण आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि त्याचा वॉचमन मला आत सोडत नाही, "किसके यहाँ जाना है?" विचारतो.

गावच्या सातबाऱ्यावर मात्र अकरा नावं आहेत, त्यातलं नववं माझं. आजोबा गेल्यावर लागलं. तुझ्या मामानं हक्कसोड मागितली नाही, मीही आपणहून दिली नाही. वाटणी करायची म्हटली तर माझ्या वाट्याला दीड फणस येईल.

मे महिन्यात जाऊया. तू गेल्या वेळी विचारलं होतंस ना, म्हणून सांगते: संडास आता घराला लागूनच बांधलाय, रात्री टॉर्च घेऊन जावं लागत नाही.

तुझी,
आई