पेटीतली कोल्ट: नंबर जुळत नाहीत, कागदही नाही

प्रश्न: ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात जुन्या पेटीत ठासणीची, सहाबारी कोल्ट रिव्हॉल्व्हर सापडली. लायसन्स नाही. नळी आणि चौकटीवर एकच नंबर आहे, सिलिंडरवर वेगळा. एक गिऱ्हाईक म्हणतं, ‘शंभर वर्षं उलटली की लायसन्स लागत नाही, पण भाग अस्सल नाहीत, म्हणून भाव अर्धा.’ काय करावं?

उत्तर: त्यांचं पहिलं वाक्य चूक आहे आणि तेच तुम्हाला गोत्यात आणेल. शंभर वर्षांची अट १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातली. शस्त्र कायदा, १९५९ नुसतं वय बघत नाही. त्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्याराला सूट आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही बार काढू शकणार नाही, अशा अवस्थेत असेल तरच. म्हणून तुमच्या बाबतीत खरा सवाल सिलिंडरचा आहे. तो नंतर बसवलेला पण चालता असेल, तर भाव उतरेल आणि सूटही हातची जाईल. विनापरवाना बंदुकीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद आहे.

आधी ती भरलेली नाही ना, याची खात्री हवी. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. घोडा ओढून बघू नका, सिलिंडरमागच्या निपलवर (टोपी बसवायच्या बारीक नळ्यांवर) बार पेटवणाऱ्या टोप्या दिसल्या तर हातच लावू नका आणि पोलिसांना तसं आधीच सांगा.

अस्सलपणा नुसत्या नजरेनं तपासा, काही उघडू नका. या कोल्टवर नंबर नळीखाली, चौकटीवर, ट्रिगर गार्डवर, मुठीच्या पट्टीवर आणि सिलिंडरवर ठोकलेला असतो. नळी अडकवणाऱ्या पाचरीवरही असतो. अंकांचा ठसा सगळीकडे सारखा हवा. अंकाभोवती धातू खोलगट दिसला तर जुना नंबर घासून नवा ठोकलाय, असं समजा. झीजही जुळली पाहिजे: नळीच्या कडा गुळगुळीत आणि सिलिंडरवरचं कोरीव चित्र मात्र ठसठशीत, तर तो सिलिंडर दुसऱ्या कोल्टचा असू शकतो. निपल आणि स्प्रिंगा वापरात बदलल्याच जायच्या, त्यावरून वस्तू नकली ठरत नाही.

नंबर जुळवून ठोकून देणारे भेटतील. ते अजिबात करू नका. कलम ८ प्रमाणे ओळखचिन्ह खोडणं, बदलणं किंवा बनावट उमटवणं गुन्हा आहे. परवाना नसलेल्या कारागिराकडे दुरुस्तीलाही देऊ नका. पॉलिशही नको, त्यानं पुरावा आणि मोल दोन्ही जातं.

आता कागद. सगळ्या बाजूंचे आणि प्रत्येक नंबरचे फोटो काढा. कधी, कुठे, कोणासमोर सापडली ते लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मग वकिलामार्फत कलेक्टरांना अर्ज द्या, प्रत पोलीस थान्याला. अर्जात दोन मागण्या ठेवा: कलम २१ खाली हत्यार जमा करून घ्यावं, आणि बार काढण्याची क्षमता शस्त्रतज्ज्ञाकडून तपासावी. स्वतः पिशवीत घालून थान्यावर नेऊ नका. पोलिसांनी वाड्यावर येऊन ताब्यात घ्यावी, असं अर्जातच लिहा. पावतीवर प्रत्येक भागाचा नंबर वेगळा लिहून घ्या, सिलिंडरचा तर नक्कीच. ताबा कायदेशीर झाला तर त्याच कलमाखाली ती ठरलेल्या मुदतीत परत मागता येते, नाहीतर परवानाधारकाला विकता येते. तोवर त्या गिऱ्हाइकाकडून इसार घेऊ नका.