'सुधारणा आवश्यक' या रकान्याबद्दल

प्रिय मॅडम,

(आता तुला असंच म्हणायला हवं!) पत्र मिळालं. पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, शाळाभेटीला येणार आणि चौथीतली चार मुलं अजून हातच्याच्या वजाबाकीत अडकलेली, म्हणून तू त्यांच्याकडून वह्या नव्याने लिहून घेते आहेस. ते आधी थांबव.

52 वजा 27 बरोबर 35 लिहिणारं पोर मठ्ठ नसतं. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढं त्याने पक्कं धरलेलं असतं, म्हणून दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर ते सरळ सातातून दोन काढून मोकळं होतं. तू लाल पेनाने 25 लिहून दिलंस की वही सुधारते, पोर तिथंच राहतं. त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेव, सत्तावीस मागून बघ. गठ्ठा सोडल्याशिवाय सात देता येत नाहीत, हे त्याचं त्याला उमगू दे. खाडाखोडीचं पान फाडू नकोस, त्यावर तारीख घाल. महिन्याभराने पालक आले की तेच पान आणि त्या दिवशीचं पान शेजारी-शेजारी दाखव. गुणांपेक्षा आयांना ते लवकर कळतं.

आता नोंदवही. 20 ऑगस्ट 2010च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन (मुलाची प्रगती वर्षभर पाहत राहण्याची पद्धत) आलं, त्यातल्या वर्णनात्मक नोंदी, म्हणजे प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायच्या ओळी, मला मनापासून आवडल्या होत्या. मग तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरायला लागल्या आणि अख्ख्या वर्गापुढे 'हस्ताक्षर सुधारणे आवश्यक' आलं. सगळ्या वर्गाचं अक्षर एकाच वेळी बिघडतं होय गं? तू लिही, 'दशक सुटा करताना अडतो, काड्या दिल्या की जमतं.' पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला या एका ओळीचा उपयोग होईल.

मात्र 'हळूहळू येईल' म्हणून पोरांना सोडूनही देऊ नकोस. ही पुढच्या वर्षी पाचवीत जातील आणि 2023-24 पासून तिथे वार्षिक परीक्षा आहे. मूल आपल्या गतीने शिकतं हे खरं, पण आज कुठपर्यंत आलंय हे तुला ठाऊक पाहिजे.

आसपासच्या शाळांतले शिक्षक जमतात त्या शिक्षण परिषदेत आपण सगळे निवडक हुशार पोरं पुढे बसवून आदर्श पाठ घेतो, टाळ्या घेतो, घरी जातो. त्यातून कुणी काही शिकलेलं मी तरी पाहिलं नाही. तुझी पाळी आली की हाच अडलेला पाठ घे, आणि शाळेतल्या एखाद्या जुन्या बाईंना त्याआधी तुझ्या वर्गात बसायला बोलाव. कुरकुर करतील, पण येतील.

भेटीच्या दिवशी त्या चौघांना मागे लपवू नकोस. साहेबांनी शेरेबुकात काही लिहिलंच, तर मला फोटो पाठव.

तुझे सर